दिवा नेमका कुठे धरावा?

राजस्थानातील मारवाड भागात पाबूजी नावाच्या राठोड वीराची गाथा रात्रभर गाण्याची परंपरा आहे. अंधार पडू लागला की गावातील मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये सुमारे १५ फूट लांबीचे, चित्रांनी गच्च भरलेले कापड ताणून बांधतात. त्याला ‘फड’ म्हणतात. आपल्याकडील तमाशाचा किंवा उसाचा फड तो हा नव्हे. भोपा रावणहत्था वाजवीत गाऊ लागतो आणि त्याची पत्नी, भोपी, हातात दिवा घेऊन उभी राहते. गाणे ज्या प्रसंगापाशी आले असेल त्या चित्रापुढे ती दिवा नेते. फडावरील प्रसंग कथेच्या क्रमाने काढलेले नसतात. जी घटना ज्या स्थळी घडली त्या स्थळाच्या आसपास तिचे चित्र असते. त्यामुळे नवख्या माणसाने एकट्याने तो फड पाहिला, तर घोडे, उंट, तलवारी आणि पागोटी यांच्या दाटीत त्याला काहीच उमगणार नाही. परंतु दिवा फिरू लागला की सारे उलगडते. बाकीचे कापड अंधारात राहते आणि श्रोत्यांची नजर, गायकाचा शब्द व दिव्याचा उजेड ही तिन्ही एका जागी येऊन थांबतात.

आज सभा, बैठका आणि वर्ग यांतून जी प्रकाशचित्रे, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात ‘स्लाइड’, दाखविल्या जातात, त्या पाहताना या भोपीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रोजेक्टरचा उजेड संपूर्ण पडद्यावर सारखाच पडतो. त्यावर २० ओळी असतात, कोपऱ्यात संस्थेचे बोधचिन्ह असते, तळाशी तारीख असते. वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून त्या ओळी वाचीत असतो आणि श्रोते त्याच्या आधीच त्या वाचून जांभया देत असतात. दिवा आहे, पण तो कशापुढे धरावयाचा याचा विचार कोणी केलेला नाही.

हा प्रश्न आता केवळ मोठ्या कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांचा राहिलेला नाही. शाळेतील मुलीला विज्ञान-प्रदर्शनात आपला प्रकल्प मांडावा लागतो, मुलाला नोकरीच्या मुलाखतीत १० मिनिटांचे सादरीकरण करावे लागते, बचतगटाच्या अध्यक्षाबाईंना बँकेपुढे हिशेब ठेवावा लागतो आणि निवृत्त झालेल्या आजोबांनाही गृहनिर्माण संस्थेच्या सभेत गळक्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च पटवून द्यावा लागतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करावा असे वाटते.

प्रारंभीच एक कबुली देणे बरे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विहिरींच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या सदस्यांपुढे मांडण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. मी मोठ्या हौसेने तक्ता तयार केला. ११ रकाने, २३ विहिरी, क्षारांची नावे, परवानगी असलेली मर्यादा, आढळलेले प्रमाण, सारे काही त्यात होते. पाऊण तास मी बोललो. शेवटी मागच्या रांगेतील एका सदस्यबाईंनी विचारले, “ते सगळं खरं, पण आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी लेकरांना द्यायचं का नाही?” उत्तर तक्त्यात होते. सातव्या रकान्यात, सोळाव्या ओळीत. ते शोधण्यासाठी मला स्वतःला पडद्याजवळ जाऊन बोट फिरवावे लागले. ज्या एका प्रश्नासाठी ती मंडळी दिवसाचा रोजगार बुडवून आली होती, त्याचे उत्तर मी अंधारात ठेवले होते आणि बाकीच्या १० रकान्यांवर मात्र लख्ख उजेड पाडला होता.

माझी चूक वेळीच लक्षात आली व निस्तरता आली. पण अशीच चूक किती महागात पडू शकते याचे एक उदाहरण साऱ्या जगापुढे आहे आणि त्याच्याशी आपल्या देशाचे एक दुःख जोडलेले आहे.

हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या आणि चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतलेल्या कल्पना चावला १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ या अंतराळयानातून दुसऱ्यांदा अवकाशात गेल्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी यानाच्या बाहेरील इंधनटाकीवरचा उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. हे छायाचित्रणात दिसले होते. पंखाला इजा झाली असेल काय, आणि झाली असल्यास परतताना वातावरणाच्या घर्षणाने निर्माण होणारी प्रचंड उष्णता ते यान सोसू शकेल काय, हा प्रश्न होता. यान अजून कक्षेत फिरत होते. दिवस हाताशी होते. पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी काही अभियंत्यांची मागणी होती. ती पुरी झाली नाही. अभियंत्यांच्या गटाने आकडेमोड करून आपले निष्कर्ष स्लाइडच्या रूपाने २४ जानेवारीला मांडले.

त्यांतील एक स्लाइड पुढे फार प्रसिद्ध झाली. अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिच्यासाठी एक स्वतंत्र पान दिले आहे. माहितीच्या चित्ररूप मांडणीचे अभ्यासक, येल विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली होती. ती मंडळाने ग्राह्य मानली. स्लाइडच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या मजकुराचा आशय असा होता, की चाचण्यांची माहिती पाहता टाइल भेदल्या जाण्याविषयीचे अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकणारे आहेत. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच आले असेल, की चला, काळजी नाही. त्या शीर्षकाखाली मुद्दे, मुद्द्यांच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्या पोटात आणखी उपमुद्दे अशी उतरंड होती. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका पानावर ५ वेळा आला होता आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा होता. अगदी तळाशी, सर्वांत बारीक अक्षरांतील ओळींत खरी गोष्ट होती. प्रत्यक्ष आदळलेला तुकडा हा चाचण्यांच्या कक्षेबाहेरचा आहे. चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता, तर या तुकड्याचे आकारमान अंदाजे १,९२० घन इंच आहे.

वाचकांनी क्षणभर थांबून या दोन आकड्यांकडे पाहावे. त्यांत ६४० पटींचा फरक आहे. ज्या चाचण्यांच्या आधारे दिलासा दिला जात होता, त्या या आघाताला लागूच पडत नव्हत्या. स्लाइडचे शीर्षक सांगत होते एक आणि तळची ओळ सांगत होती नेमके उलट. बैठकीतील वरिष्ठांनी शीर्षक वाचले. शीर्षकच वाचतात, तुम्हीआम्हीही तेच करतो. एखाद्या ज्येष्ठ व्यवस्थापकाला ही स्लाइड वाचूनही प्राणांवर बेतणारी परिस्थिती समोर आहे हे कळले नसेल, तर त्यात नवल नाही, अशा अर्थाचा शेरा चौकशी मंडळाने मारला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यानाचे तुकडे झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

एका स्लाइडने यान पाडले असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. यान फोमच्या आघाताने गेले, आणि चौकशी मंडळाने संघटनेच्या कारभारातील अनेक दोषांवर बोट ठेवले आहे. आघात वेळीच ओळखला गेला असता तर दुसरे यान पाठवून सुटका करणे अवघड, तरीही शक्य कोटीतले होते, असेही मंडळाने तपासाअंती नमूद केले. पण सुटकेचा विचार सुचण्यासाठी धोका आधी दिसावा लागतो, आणि तो त्या पानावर दिसण्याजोगा नव्हता. लपविलेला नव्हता, हे विशेष. तो तेथे लिहिलेलाच होता.

आता हीच माहिती कशी मांडता आली असती? यासाठी यंत्राची किंवा चित्रकाराची काही गरज नव्हती. ३ घन इंच म्हणजे साधारण एका मध्यम लिंबाएवढा आकार. १,९२० घन इंच म्हणजे सुमारे साडेएकतीस लिटर. आपल्या घरी येणारे १५ किलो तेलाचे दोन पत्र्याचे डबे शेजारी शेजारी ठेवले तर जवळपास तेवढा आकार होईल. कोणी टेबलावर एक लिंबू आणि दोन डबे ठेवून म्हटले असते, “चाचणी आम्ही याची केली आहे, आणि पंखावर आदळले आहे ते हे,” तर त्या खोलीतील एकही माणूस स्वस्थ मनाने घरी गेला नसता.

हा केवळ कल्पनाविलास नव्हे. अपघातानंतर टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील एका संशोधन संस्थेत ७ जुलै २००३ रोजी पंखाच्या पुढील कडेवरील कार्बनच्या कवचावर, मूळ तुकड्याएवढाच फोमचा ठोकळा वायूच्या तोफेने डागण्यात आला. कवचाला सुमारे १६ इंच रुंदीचे भगदाड पडले. हलका फोम कठीण कवचाचे काय वाकडे करणार, हा प्रश्न त्या दिवशी मिटला. तोपर्यंत कागदांवर कितीतरी शब्द खर्च झाले होते.

त्यापूर्वी १७ वर्षे अशीच एक गोष्ट घडली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जण दगावले. आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत, रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या थंडीत नीट काम करणार नाहीत, म्हणून उड्डाण पुढे ढकलावे, असे अभियंत्यांनी सांगितले होते. त्यांनी १३ तक्तेही पाठविले होते. परंतु पूर्वीच्या सर्व उड्डाणांच्या वेळचे तापमान आणि कड्यांना झालेली इजा ही दोन्ही एकाच आलेखावर मांडलेली नव्हती. पुढे चौकशी आयोगाने ती मांडली, आणि इजा न झालेली उड्डाणेही त्यात घेतली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये इजा झाली होती. ६३ अंश किंवा त्याखालील चारही उड्डाणांत झाली होती. त्या दिवशी सकाळी तापमान होते ३६ अंश. इतकी सरळ गोष्ट. पण ती दिसण्यासाठी थंड दिवस आणि उबदार दिवस शेजारी उभे करावे लागत होते. नुसतीच इजा झालेली उड्डाणे मोजली तर उबदार दिवशीही इजा होते असे भासे, आणि युक्तिवाद लंगडा पडे. या तक्त्यांवर पुढे बरीच टीका झाली. ती अन्यायकारक असल्याचे त्या अभियंत्यांपैकी काहींनी लिहिले आहे, आणि त्यांचा इशारा वरिष्ठांनी बाजूला सारला हेही खरेच आहे. तरीही, ज्याला नकार द्यावयाचा आहे त्याच्या हाती तर अधिकच स्पष्ट चित्र हवे, असे मला वाटते.

त्याच आयोगाचे एक सदस्य होते नोबेल पारितोषिक विजेते पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी, दूरचित्रवाणीचे कॅमेरे समोर असताना, त्यांनी त्या रबराचा एक लहान तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडविला. थोड्या वेळाने बाहेर काढून शिकंजा सैल केला. रबर लगेच पूर्ववत फुगले नाही. शिकंजा त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून विकत आणला होता, आणि बर्फाचे पाणी तर सभागृहात पिण्यासाठी ठेवलेलेच होते. दृक्‌साधनांवरील जाडजूड पुस्तके वाचण्याआधी हा प्रसंग वाचावा.

मात्र चित्र प्रभावी असते म्हणूनच ते फसवेही असू शकते. लिंबू आणि डबे यांचे उदाहरणच घेऊ. १,९२० घन इंचांच्या चौकोनी ठोकळ्याची बाजू ही ३ घन इंचांच्या ठोकळ्याच्या बाजूच्या सुमारे ८.६ पट भरते. म्हणजे कागदावर नुसत्या बाजू रेघांनी दाखविल्या तर ६४० पटींचा फरक नऊपटीहूनही कमी दिसेल. याच्या उलट प्रकार वृत्तपत्रांत नित्य आढळतो. दुधाचे उत्पादन दुप्पट झाले असे सांगण्यासाठी दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद किटली काढतात. कागदावर तिने व्यापलेली जागा चौपट होते, आणि डोळा किटलीचा पोकळ आकार मनात आणू लागला की वाढ आठपट भासते. शाळेचा निकाल ८२ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेला आणि स्तंभालेखाची उभी पट्टी शून्याऐवजी ८० पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट उंच दिसतो. मुख्याध्यापक खूश होतात, पालकही होतात. खोटे कोणीच बोललेले नसते.

या बाबतीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आलेख अभ्यासण्याजोगा आहे. त्यांची प्रतिमा आपल्या पाठ्यपुस्तकांनी दिवा घेतलेली परिचारिका अशी रंगविली. त्या उत्तम संख्याशास्त्रज्ञ होत्या हे फारसे सांगितले नाही. क्रिमियाच्या युद्धातील ब्रिटिश सैन्याच्या मृत्यूंची त्यांनी दोन चक्रे काढून ती १८५८ मध्ये प्रसिद्ध केली. एक एप्रिल १८५४ पासूनच्या १२ महिन्यांचे, दुसरे त्यापुढील १२ महिन्यांचे. प्रत्येक महिन्याला एक पाकळी, आणि पाकळीतील रंगांचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. पाहणाऱ्याला शिकविण्याची गरजच पडत नाही. युद्ध म्हटले की तांबडे दिसेल अशी अपेक्षा असते. दिसतो तो सर्वत्र पसरलेला निळा रंग. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग तेथे पोहोचला, आणि दुसऱ्या चक्रात निळा रंग महिन्यामागून महिना आकसत गेलेला दिसतो. सैनिक शत्रूच्या गोळीने कमी आणि घाणीने अधिक मरत होते, हे मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना त्यांनी असे दाखविले.

आपल्या देशातही चित्र दाखवून गोष्ट पटविण्याची कला प्रोजेक्टरबरोबर आलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी गावचे ठाकर समाजातील चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गातात. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकून खेळ केले. त्या खेळाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. चित्रकथ्यांच्या चित्रांवर मजकूर नसतो. सांगणारा सांगतो आणि चित्र दाखविते. दोघेही एकच काम करू लागले तर एक जण फुकट जातो.

स्वातंत्र्यानंतर, २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक व ग्रामसेविका चित्रे घेऊन खेड्यांत जाऊ लागल्या. त्यांच्या पिशवीतील दोन साधने आजही विसरण्याजोगी नाहीत. एक फ्लॅनेलचा फलक. भिंतीवर खरखरीत कापड लावावयाचे, चित्रांच्या पाठीला वाळूकागद चिकटवावयाचा आणि बोलता बोलता एकेक चित्र कापडावर टेकवावयाचे. ते तेथेच चिकटून राहते. चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे जुळत जाते आणि अडले तर हलविता येते. दुसरे साधन चित्रपत्ते. पुढच्या बाजूला मोठे चित्र, मागच्या बाजूला बोलणाऱ्यासाठी मजकूर. आरोग्यसेविका पत्ता छातीशी धरते, श्रोत्यांना चित्र दिसते, तिला शब्द दिसतात आणि तिचे तोंड लोकांकडेच राहते. लॅपटॉपवर वक्त्याची टिपणे वक्त्यालाच दिसावीत अशी जी सोय आज असते, ती याहून निराळी नाही. दुर्दैवाने ती सोय असूनही पत्त्याची मागची बाजूच पडद्यावर टाकण्याची रीत पडली आहे.

याच कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणवर्गांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा एक किस्सा आहे. हिवतापाची माहिती देताना हातभर डासाचे चित्र दाखविले, तेव्हा गावकरी म्हणाले, “एवढे मोठे डास असतील तर ताप येणारच, आमच्याकडचे लहान असतात.” हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. गावकऱ्यांचे काहीच चुकले नव्हते. मोठे करून दाखविलेल्या वस्तूशेजारी तिचा खरा आकार दाखवावा लागतो. नकाशाला जशी मोजपट्टी लागते तशीच ती लागते.

काही गोष्टी देवनागरीत लिहिणाऱ्यांनी विशेष सांभाळाव्यात. इंग्रजी अक्षरे ज्या आकारात वाचता येतात त्याच आकारात मराठी अक्षरे वाचता येतात असे नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यात जोडाक्षरे. ओळी जवळ जवळ ठेवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि मागच्या रांगेतल्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. अक्षर ठसठशीत आणि ओळींमध्ये मोकळी जागा हवी. दुसऱ्याच्या संगणकावर आपला फाँट नसेल तर जोडाक्षरे फुटून चौकटी दिसू लागतात. म्हणून त्या फायलीची पीडीएफ प्रत जवळ बाळगावी. अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही हे घरीच पाहता येते. सभागृहातील पडदा ६ फूट रुंद आणि शेवटची रांग ३६ फुटांवर असेल, तर ती पडद्याच्या रुंदीच्या सहापट अंतरावर आहे. तुमच्या लॅपटॉपचा पडदा १३ इंच रुंद असेल तर त्याच्यापासून सहापट, म्हणजे साडेसहा फूट दूर उभे राहावे आणि वाचून पाहावे. न वाचता आलेली प्रत्येक ओळ काढून टाकावी. घरातील वडीलधाऱ्यांना उभे केले तर परीक्षा अधिक कडक होते.

रंगांविषयीही एक इशारा द्यावासा वाटतो. बांगलादेशात विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आढळले तेव्हा धोक्याच्या नलिकाकूपांना लाल आणि निर्धोक नलिकाकूपांना हिरवा रंग देण्यात आला. कल्पना साधी आणि उत्तम. पण काही पुरुषांना जन्मतःच लाल आणि हिरवा यांतील फरक ओळखू येत नाही, आणि त्यांतील अनेकांना आपल्यात हे वैगुण्य आहे याची कल्पनाही नसते. तक्त्यात किंवा नकाशात केवळ या दोन रंगांवर विसंबू नये. रंगाबरोबर फुली, गोल अशी खूणही असावी. दिवसा, खिडक्या उघड्या असलेल्या सभागृहात पिवळा रंग पडद्यावरून जवळजवळ नाहीसा होतो हे अनुभवाने कळतेच, पण बहुधा ऐन वेळी कळते.

आणि वीज जाणार हे गृहीत धरावे. वीज गेल्यावर जे चार वाक्यांत आणि खडूच्या एका आकृतीत सांगता येईल तेच आपले म्हणणे. उरलेले सजावटीत जमा. हा हिशेब बैठकीच्या आदल्या रात्री करावा. मोठा आकडेवारीचा तक्ता ज्यांना खरोखर हवा असेल त्यांच्यासाठी तो कागदावर छापून द्यावा, म्हणजे त्यांना तो घरी नेऊन सवडीने, हवा तर चष्मा लावून वाचता येतो. पडद्यावर तो टाकून कोणाचेच भले होत नाही.

त्या ग्रामपंचायतीत मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा प्रोजेक्टर नेला नाही. एका मोठ्या कागदावर गावाचा साधा नकाशा काढून नेला. देऊळ, शाळा, ओढा, वस्त्या आणि २३ विहिरी. पिण्याजोग्या विहिरींना निळा गोल, न पिण्याजोग्यांना तांबडी फुली. कागद भिंतीला लावून मी बोलण्यास आरंभ करतो न करतो तोच त्या सदस्यबाई उठून नकाशाजवळ आल्या. त्यांच्या वस्तीतील विहिरीवर फुली होती. त्यांनी ती पाहिली, काही क्षण गप्प राहिल्या आणि मग शेजारच्या निळ्या गोलाकडे बोट करून म्हणाल्या, “ही विहीर अंगणवाडीच्या मागं नाही हो, पुढं आहे. आणि पावसाळ्यात तिकडं जायची वाट बंद असते.” एवढे बोलून त्यांनी माझ्या हातातील खडू घेतला आणि वाट कोठे बंद होते तेथे आडवी रेघ मारली. त्यानंतरचा तास मी जवळजवळ बोललोच नाही. आठ-दहा जण नकाशाभोवती उभे राहून, पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूने आणावे यावर वाद घालीत होते.